मीटर गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

संध्याकाळी हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलतो. उजवा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच्या टिकटिकीवर मान डोलावतो. ब्रेक दाबावा तर डॅशबोर्डावरचा भलताच दिवा मंद पेटतो. पंचवीस-तीस वर्षांची गाडी बाळगणाऱ्यांना ही भुताटकी ओळखीची असते. इंजिन थंड आहे, टाकी अर्धी भरलेली आहे, गाडी नेहमीसारखी चालते आहे. समोरची काच मात्र निराळंच काही सांगते आहे. मालक म्हणतो, "मीटर गेला." गॅरेजवाला म्हणतो, "सगळा सेटच बदलून टाकू, साहेब." एकमत होतं, पैसे मोजले जातात, भंगारात गेलेल्या कुठल्यातरी गाडीतून काढलेला सेट बसतो. आणि संध्याकाळी हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा पुन्हा हलतो.

कारण मीटर गेलेलाच नव्हता. गेली होती डॅशबोर्डामागची एक काळी वायर.

गाडीच्या वायरिंगचा निम्मा भाग डोळ्यांना दिसतच नाही. बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि प्रत्येक दिव्यातून, प्रत्येक काट्यातून गेलेला करंट त्या पत्र्यातूनच माघारी येतो. मीटरच्या सेटला पत्र्याशी जोडणारी वायर बहुतेक गाड्यांत एकच, फार तर दोन. तिच्या टोकाची रिंग एका स्क्रूखाली दाबलेली असते. कोकणातले चार-सहा पावसाळे गेले, त्या स्क्रूखाली गंज धरला, की चाळीतल्या नळाचा प्रकार सुरू होतो: खालच्या मजल्यावर कुणी बादली लावली की वरच्या मजल्याची धार बारीक. हेडलाइटबरोबर मीटरमधले उजेडाचे बल्ब लागतात, त्यांचा करंट त्याच अरुंद वाटेत गर्दी करतो आणि काट्यांचं माप बिघडतं. काही वेळा करंटला ती वाट इतकी अवघड होते, की तो दुसऱ्याच एखाद्या बल्बमधून उलटा शिरून पत्रा गाठतो. भलताच दिवा पेटतो तो असा.

चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन इथं मीटरला हातही लावत नाही. तो हातभर वायर घेतो, एक टोक मीटरच्या अर्थला, म्हणजे पत्र्याकडे जाणाऱ्या त्या काळ्या वायरीला, लावतो आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. काटे स्थिर झाले की निदान पूर्ण. मग तो स्क्रू सोडवायचा, रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासायचा आणि घट्ट आवळायचा, बस्स. एवढ्या कामाचे पैसे सांगताना तो थोडा संकोचतो, आणि इथंच या धंद्याची गोची आहे. सेट बदलण्याचं बिल करता येतं. गंज घासण्याचं बिल करायला तोंड होत नाही.

मीटरबद्दल पहिल्यांदा लक्षात घ्यायचं ते हे, की तो स्वतः जवळजवळ काहीच मोजत नाही. मोजणारे दुसरीकडे बसलेले असतात. टाकीत फ्लोट असतो, इंजिनच्या पाण्यात टेंपरेचरचा सेन्सर, ब्लॉकला ऑइलचा स्विच, गिअरबॉक्सच्या बुडाशी एक छोटी दातेरी पिनियन. त्यांनी जे पाहिलं ते वायरीतून, केबलमधून, कनेक्टरमधून प्रवास करत काचेमागे पोचतं. काटा म्हणजे त्या प्रवासातला शेवटचा मुक्काम. बातमी चुकीची आली तर बातमी देणाऱ्याला बडवण्याआधी ती कुठल्या वाटेनं आली ते बघावं लागतं. आणि त्याहून आधी विचारायचा प्रश्न म्हणजे, बातमी चुकीची आहे की घटना खरोखरच घडली आहे? टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि "मीटर खोटं दाखवतोय" म्हणून कुणी कसारा घाट चढत राहिला, तर हेड गॅस्केट त्याला खरं-खोटं शिकवतं.

जुन्या गाडीत स्पीडोमीटरपाशी हा तपास सर्वात स्वच्छ होतो, कारण तिथं वीजच नसते. तेव्हा जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबर्ग शहरातल्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली एडी करंटवर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. पुढची आठ-नऊ दशकं जग त्याच तत्त्वावर वेग मोजत राहिलं. अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली मारुती ८००, बजाजची चेतक स्कूटर, सगळ्यांच्या काचेमागे शुल्झे यांचीच युक्ती होती. चाकांच्या गतीनं फिरणारी एक लवचीक केबल मीटरपर्यंत येते आणि तिच्या टोकाशी एक चुंबक गरगर फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. तिला काटा जोडलेला आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढणारी. चुंबक वाटीला शिवत नाही. फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे करंट तयार होतात, ते वाटीला चुंबकामागे ओढतात, स्प्रिंग अडवते, आणि या ओढाताणीत काटा ज्या आकड्यावर थांबतो तो वेग. शंभराच्या वेगानं पळणारी गाडी आणि ती बातमी देणारा काटा यांच्यामध्ये नुसती हवा असते, हे कळल्यावर तो जुना मीटर उघडून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

याच केबलवर किलोमीटर मोजणारी आकड्यांची चक्रंही फिरतात. ही जोडगोळी तपासाला फार उपयोगी पडते. काटाही मेला आणि आकडेही थांबले तर दोघांना सामायिक असलेली केबल तुटली आहे, निसटली आहे किंवा गिअरबॉक्सकडच्या पिनियनचे दात गेले आहेत. आकडे फिरताहेत पण काटा पडून आहे, तर केबल निर्दोष. दोष मीटरच्या डोक्यात. काटा बरोबर आणि आकडे थांबलेले, तर आतल्या नायलॉनच्या चक्राचा एखादा दात तुटलेला. एकही स्क्रू न सोडवता तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. तरीही गावोगावी केबल न तपासता मीटर बदलले जातात. केबल शेकड्यात येते, सेट हजारात.

काटा थरथरत असेल, चाळीस ते साठमध्ये लंबकासारखा हिंदकळत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठंतरी जास्त वाकली आहे. ती आत अडकते, पिळते, सुटते आणि पुन्हा अडकते. काटा त्या झटक्यांची नोंद घेतो. उपाय म्हणून आतली तार बाहेर ओढून तिला ग्रीस लावायचं. मात्र मीटरकडची शेवटची काही इंच कोरडी ठेवायची, कारण तार पीळदार असते आणि फिरता फिरता ग्रीस वर चढवत नेते. उत्साहात भरपूर ग्रीस फासलं तर काही महिन्यांनी ते मीटरच्या डोक्यात पोचतं, चुंबक आणि वाटी यांच्यातली हवेची फट चिकट होते, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना काटा थेट शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो. तेलपाण्याची माया कुठे आवरायची, हे मेकॅनिकला अशा वेळी कळतं.

पेट्रोलच्या काट्याचं प्रकरण वेगळं. त्याच्यावर शंका घेण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की तो बरोबर असतानाही त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. स्कूटरच्या काळापासून आपण गाडी आडवी करून, टाकीला कान लावून, झाकण उघडून आत पाहून चाललो आहोत. "काटा इथं आला की अजून तीस किलोमीटर जाते" असं प्रत्येक जुन्या गाडीचं एक घरगुती भाषांतर असतं, आणि गाडी विकताना ते नव्या मालकाला तोंडी सांगितलं जातं.

टाकीच्या आत एका दांडीवर फ्लोट तरंगतो. दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं, आणि पेट्रोलच्या पातळीप्रमाणे करंटच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. मीटरकडे, विशेषतः ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत, दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. करंटनं ती तापते, तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणून असा काटा चावी फिरवल्याबरोबर उडी मारत नाही, सावकाश वर चढतो. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला गुण आहे. आंबेनळी घाटाच्या वळणांवर टाकीतलं पेट्रोल डावी-उजवीकडे हेलकावत असतं. काटा तापट असता तर त्यानं ड्रायव्हरला वेड लावलं असतं.

पण तापणाऱ्या पट्टीला एक खोड आहे. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट देते, चालू असताना चार्जिंग चौदाच्या वर जातं. व्होल्टेज बदललं की पट्टीची उष्णता बदलणार आणि टाकी न भरता काटा वर सरकणार. त्यावर स्मिथ्ससारख्या ब्रिटिश मीटर बनवणाऱ्यांनी तोडगा काढला तो स्टॅबिलायझरचा. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, आत पुन्हा तशीच दोन धातूंची पट्टी. ती तापली की संपर्क तोडते, निवली की जोडते, आणि या उघडझापेतून सरासरी दहा व्होल्ट पुढं जातात. पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे या एकाच डबीवर जगतात.

याचा अर्थ तपास करणाऱ्याला आपोआप कळायला हवा. दोन्ही काटे एकाच दिवशी, एकाच दिशेनं चुकायला लागले तर टाकीतला फ्लोट आणि इंजिनातला सेन्सर यांनी संगनमत केलेलं नाही. डबीतला संपर्क चिकटला किंवा डबीची अर्थ सुटली, की पूर्ण व्होल्टेज पुढे जातं: टाकी भरलेली दिसते, इंजिन तापलेलं दिसतं. संपर्क तुटला तर दोन्ही काटे झोपतात. अशा वेळी रेडिएटर खोलणं, थर्मोस्टॅट बदलणं, टाकी उतरवणं हे सगळं व्यर्थ श्रम. आणि तरी तेच केलं जातं, कारण इंजिन तापल्याची बातमी ऐकून शांत बसणं कुणाला जमत नाही.

एकच काटा बिघडला असेल तर चाचणी सोपी आहे. टाकीकडून येणारी वायर कनेक्टरपाशी सोडवायची, चावी ऑन करून ती क्षणभर पत्र्याला लावायची. या प्रकारच्या मीटरमध्ये काटा 'फुल'कडे निघाला तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठणठणीत, दोष टाकीत. काटा ढिम्म राहिला तर वायर किंवा मीटर. काटा टोकाला भिडेपर्यंत वायर धरून ठेवायची नाही, आणि हा उद्योग टाकीच्या तोंडापाशी ठिणग्या पाडत करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगावं लागतं. टाकीतला दोष निघाला तर बहुतेक वेळा वेटोळ्याची तार झिजलेली असते. कधी पितळी फ्लोटला सुईच्या अग्राएवढं भोक पडतं, तो पेट्रोल पिऊन बुडतो आणि भरल्या टाकीतून 'रिकामी, रिकामी' म्हणून ओरडत राहतो.

काट्यांच्या शेजारचे लाल दिवे दिसायला गरीब. पण सर्वात मोठा घोळ तेच घालतात. कारण त्यांची भाषा उलटी आहे. काटा बिघडला तर तो काहीतरी वेडंवाकडं दाखवतो, म्हणजे निदान लक्ष तरी वेधतो. दिव्याचा बल्ब उडाला तर तो अंधारात जातो, आणि अंधाराचा अर्थ आपण 'सगळं ठीक' असा लावतो. ऑइलचा दिवा घ्या. इंजिनवरचा स्विच प्रेशर नसताना जोडलेला असतो, म्हणून चावी ऑन करताच दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन प्रेशर आलं की स्विचमधली जोडणी तुटते, दिवा विझतो. ज्या गाडीत चावी फिरवल्यावर हा दिवा पेटतच नाही, ती गाडी ऑइल संपल्यावरही गप्प राहणार.

बॅटरीचा लाल दिवा तर नुसता बघ्या नसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच बल्बमधून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला चेतवतो. त्या चेतवणीवर अल्टरनेटर वीज बनवायला लागतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर सुस्त बसू शकतो आणि बॅटरी हळूहळू उतरते. मालक नवी बॅटरी आणतो. तीही उतरते. मग अल्टरनेटर उघडला जातो, ब्रश बदलले जातात, आणि एखादा अनुभवी मिस्त्री येऊन विचारतो, "चावी लावल्यावर दिवा लागतो का हो?" मीटरमधला एक क्षुल्लक बल्ब नुसती खबर देत नव्हता, खबर ज्याची द्यायची त्या कामातच तो सामील होता.

बल्बची किंमत किती मोठी होऊ शकते याचं सर्वात दुःखद उदाहरण रस्त्यावरचं नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन अडकल्याचा हिरवा दिवा पेटला नाही. वैमानिकांनी उतरणं थांबवलं, विमान ऑटोपायलटवर दोन हजार फुटांवर ठेवलं आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. दिव्याची पेटी काढली, ती परत बसेना. एवढ्यात ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं, विमान अलगद खाली जात राहिलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. १७६ पैकी १०१ जण गेले. चाक खाली आलेलं होतं. दिव्यातले दोन्ही बल्ब उडालेले होते. चौकशी अहवालांची भाषा कोरडी असते, तरी हा तपशील वाचताना थांबायला होतं: कॉकपिटमधल्या सगळ्यांचं लक्ष खराब बल्बकडे, आणि उंची दाखवणारा चांगला काटा डोळ्यांसमोर असून पाहायला कुणी नाही.

नव्वदच्या दशकानंतर मीटरच्या सेटमध्ये केबलच्या जागी छोट्या मोटरी आल्या, वायरींच्या जागी सर्किट बोर्ड आला. त्याबरोबर बिघाडाचा स्वभावही बदलला. आता तो वेळापत्रक पाळतो. सकाळी मीटर व्यवस्थित, दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की मेलेला, रात्री पुन्हा जिवंत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात. बंद गाडीतल्या डॅशबोर्डाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. तापणं, निवणं आणि खड्डे यांनी बोर्डावरच्या कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. भिंग आणि तिरका उजेड घेतला की पिनेभोवती करडं कडं दिसतं. तापलेली पिन प्रसरण पावते, संपर्क तुटतो. निवली की पुन्हा टेकते.

अशा गाडीचा मालक डॅशबोर्डावर थाप मारायला शिकतो. थाप मारली की मीटर सुरू होतो. लोक हसतात, पण ती थाप ही चांगली चाचणी आहे. थापेनं जिवंत होणारा मीटर सांगतो, की चिप जळलेली नाही, मोटर गेलेली नाही, कुठंतरी नुसता सांधा सुटला आहे. ज्याच्याकडे बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आहे आणि हात स्थिर आहे तो ते सांधे नव्यानं जोडतो. मोटरीच गेल्या असतील तर थापेला उत्तर मिळत नाही. अमेरिकेत २००३ नंतरच्या काही वर्षांतल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांमध्ये काटे चालवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरी इतक्या बिघडल्या, की गाडी दारात उभी असताना स्पीडोमीटर भलताच वेग दाखवायचा. कंपनीला काही मॉडेल्सच्या मीटरसाठी वॉरंटी वाढवावी लागली. नव्या मोटरी पाकिटातून विकत घेऊन घरच्या टेबलावर त्या बदलणाऱ्यांची तिथं एक पिढीच तयार झाली.

सुटलेल्या सोल्डरची सर्वात गाजलेली गोष्ट कॅनडातली. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७, उड्डाण क्रमांक १४३, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं तेव्हा त्याचे इंधनाचे काटे बंद होते. इंधन मोजणाऱ्या यंत्रणेतल्या एका भागाचं सोल्डर नीट बसलेलं नव्हतं. यंत्रणेला दोन वाटा होत्या, पण एक वाट पुरती मरण्याऐवजी अर्धवट मेली आणि दुसरीलाही घेऊन बसली. एका तंत्रज्ञानं बिघडलेल्या वाटेचा ब्रेकर ओढून ठेवून काटे चालू करण्याची युक्ती शोधली होती. पुढच्या ठिकाणी दुसऱ्यानं तपासणी करताना तो ब्रेकर परत दाबला आणि काटे पुन्हा कोरे झाले. मग पंखाखालच्या मोजपट्ट्यांनी इंधन मोजलं गेलं. मोजलं लिटरमध्ये, हवं होतं किलोत, आणि गुणाकार केला तो पौंडांचा. एअर कॅनडाच्या ताफ्यात मेट्रिक मापाचं हे पहिलंच मॉडेल. २२,३०० किलो इंधन लागणार होतं. होतं त्याच्या निम्म्याहून कमी. वाटेत, हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पीअरसन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि मॉरिस क्विंटल यांनी इंजिनाशिवाय ते विमान गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. त्या दिवशी तिथं मोटारींच्या शर्यतींचा कार्यक्रम होता. विमानातले ६९ जण वाचले.

या गोष्टीत दोष तीन, आणि तिन्ही ओळखीचे. बिघाड दुरुस्त न करता त्याला वळसा घालणं, तो वळसा पुढच्या माणसाला नीट न सांगणं, आणि काट्याची जागा घेतलेल्या हिशोबावर काट्यापेक्षा जास्त विश्वास ठेवणं. आपल्या गाड्यांत हे रोज घडतं. डॅशबोर्डाखाली लोंबणारी, कुणी कधी का लावली हे कुणालाच ठाऊक नसलेली ती एक जादा निळी वायर आठवा.

मीटर बाहेर काढायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची. केबल मागून अडकवलेली असते, ती न सोडवता सेट पुढे ओढला तर ती तुटते किंवा हाताच्या बोटांची कातडी जाते. सेटच्या पाठीवर पातळ प्लॅस्टिकवर छापलेलं तांब्याचं सर्किट असतं. जुनं झालं की ते कागदासारखं फाटतं. बल्ब होल्डरखालची काळवंडलेली तांब्याची पट्टी शाळेतल्या साध्या खोडरबरानं स्वच्छ होते. काटा उपटायचा मोह टाळावा. उपटावाच लागला तर त्याची विश्रांतीची जागा आधी पेन्सिलीनं आखून घ्यावी. इतकं सांभाळूनही पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या हातून एखादी प्लॅस्टिकची क्लिप तुटतेच.

सुटे भाग मिळवणं हे वेगळं पुराण आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथं अजूनही वजनावर विकलेल्या गाड्यांचे मीटर मांडलेले दिसतात. काही काचा फुटलेल्या, काही कोऱ्या, प्रत्येकावर कुणाच्यातरी प्रवासाचा आकडा थांबलेला. आणि इथंच प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला की आपल्या गाडीचा इतिहास बदलतो. दोन लाख धावलेली गाडी एका दुपारी साठ हजारांची होते. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये पाचच आकडे असतील, तर ९९,९९९ नंतर ती आपण होऊनच नव्यानं जन्मते. अमेरिकेनं १९७२ च्या कायद्यानं ओडोमीटरशी छेडछाड हा गुन्हा ठरवला. दुरुस्तीत मूळ आकडा कायम ठेवणं शक्यच नसेल तर दाराच्या चौकटीवर जुना आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी लागते. आपल्याकडच्या चांगल्या मिस्त्रीलाही हे सुचायला हरकत नाही: सर्व्हिस बुकात तारखेसह दोन ओळी. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवरचं झिजलेलं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटचा खचलेला कोपरा यांवर विश्वास ठेवणारे खरेदीदार शहाणे, हे मात्र खरं.

एक गंमत अशी, की निरोगी मीटरही पूर्ण खरं बोलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी तो नियमात. मोबाइलच्या जीपीएसवर कमी आकडा पाहून "मीटर बिघडला" म्हणणारे लोक एका सुदृढ मीटरची तक्रार करत असतात. माझदाच्या एमएक्स-५ या गाडीत सुरुवातीच्या वर्षांत ऑइल प्रेशर खरोखर मोजणारा काटा होता. १९९५ च्या मॉडेलपासून तिथं काटा राहिला, पण मागे साधा स्विच आला. प्रेशर आहे तर काटा मध्यावर, नाही तर शून्यावर. रूप काट्याचं, अक्कल दिव्याची. अनेक आधुनिक गाड्यांमधला टेंपरेचरचा काटाही बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यभागी गोठवलेला असतो, मालकाला उगाच काळजी नको म्हणून. जुन्या गाडीचा काटा किमान चुकतो तरी स्वतःच्या अकलेनं. हलणारा, कुरकुरणारा काटा बदलून असा गुळगुळीत समाधानी काटा आणणं ही सुधारणा आहे असं काही वाटत नाही.

तर जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिन लगेच सुरू करू नका. चावी 'ऑन'पर्यंत फिरवा आणि थांबा. ऑइलचा आणि बॅटरीचा, दोन्ही लाल दिवे पेटले पाहिजेत. एअरबॅगची गाडी असेल तर तिचा दिवा पेटून काही सेकंदांत, इंजिन सुरू न करताच, आपला आपण विझला पाहिजे; तो ऑइलच्या दिव्याबरोबर विझत असेल तर कुणीतरी मागून दोन वायरी एकत्र बांधल्या आहेत. आता इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा लगेच विझतो का बघा. पहिल्याच पायरीवर तो पेटला नव्हता, तर विकणाऱ्याला तिथंच नवा बल्ब लावायला सांगा, आणि तो लागेपर्यंत किमतीचं बोलणं सुरू करू नका.